फुलावर आलेली बारा तरवडं

—न्हाय न्हाय मॅडम, उद्या कशाला, आजच न्या की. गाडी हाय, डिकी रिकामी हाय, मी सोता उचलून ठेवतो, तुमी नुस्ती डिकी उगडा. बारा म्हनला व्हता, बारा हायेत, मोजून घ्या. ह्या नवनाथनं शब्द दिला म्हंजे दिला — होटगी रोडला कुनालाबी इचारा, चाळीस वर्सं नर्सरी करतोय, माज्या हातचं रोप मेलं असं म्हननारा मानूस अजून पैदा व्हायचाय. आन रोपं बगा की कशी हायेत, कमरेएवढी, कळ्यांनी भरलेली, ह्या दोघांना तर फुलंबी आलीत, पिवळीधमक. चैत्रात तुमीच म्हनला व्हता न्हवं, नवनाथमामा, मला फुलावर आलेलं तरवड पायजे, नवरात्राच्या आदी पायजे — मग, आलं की फुलावर. पानं? पानं जराशी खाली आलीत खरी. भादव्याचं ऊन हाय, मानसं मान टाकायला लागलीत, ते तर झाड हाय. दारात लावा, संध्याकाळी बगा कशी ताठ व्हतील. म्हनून तर म्हनतो आज न्या, उद्यापर्यंत हितं उन्हात कशाला ठेवायची.

बसा की जरा, हितं नेटच्या सावलीला बसा. लावायचं कसं म्हंता? काय करायचं न्हाय. हेच तर लोकांना पटत न्हाय बगा. मागं एक साहेब आले व्हते, त्यांना म्हनलं, साहेब, तरवडाला खत न्हाय, औषध न्हाय, पानी न्हाय — तर म्हनले, मग आमी करायचं काय? म्हनलं, बगायचं. गेले की उठून. दुसरीकडनं कसलं तरी परदेशी झाड घेतलं, त्याला दिसातनं दोनदा फवारा मारतात, खूश हायेत. मानसाला सेवा करायला कुनीतरी लागतंय मॅडम. पाच दिसाआड नळाला पानी येतंय आन दारात हिरवळ पायजे. तर तुमी असं करा — दोन फूट खड्डा घ्या, जितं दिसभर ऊन पडतं तितं. सावलीत लावलं तर नुस्ता पाला येतो, फूल न्हाय. मुरूम असंल तर लई चांगलं, काळी माती असंल तर थोडी खडी मिसळा आन उंचवट्यावर लावा, बुडात पानी साचलं की संपलं. शेनखत घालू नका, दया दाखवू नका. पहिलं वरीस आठ-दहा दिसांनी एक तांब्या, दुसऱ्या वर्सापासनं ईसरून जा. शेळी तोंड लावत न्हाय, गाय लावत न्हाय. पानावर हिरव्या अळ्या दिसल्या तर फोन करून मला बोलवायचं न्हाय, त्या पिवळ्या फुलपाखरांच्या अळ्या हायेत, खातील चार पानं आन जातील उडून. शेंगा वाळल्या की माघ-फाल्गुनात हातभर छाटायचं, म्हंजे पावसाळ्यात डवरतंय. आन एक, हे सगळ्यात मोठं — त्येला जाग्यावरनं हलवायचं न्हाय. वर हातभर झाड असलं तर खाली दोन हात मुळी असती, सरळ, गाजरावानी. ती मुळी तुटली की ब्रह्मदेव आला तरी ते झाड जगत न्हाय. आठ दिस हिरवं दिसतंय, कळ्याबी उमलत्यात, आन मग एक दिशी — म्हंजे मी आपलं सादारन सांगतोय. माळावरच्या झाडाचं. पिशवीतल्याचं येगळं असतंय.

तुमचा बंगला कुटं म्हनला? — व्हय व्हय, ठावं हाय की मला, ती कमान हाय, वर हिरव्या अक्षरात कायतरी इंग्रजी लिवलंय. मॅडम, ते प्लॉटिंग पडलं तवा तो माळ मीच साफ करून दिलाय. मालक म्हनले, नवनाथ, तू झाडातला मानूस, तूच काम घे. तितं काय व्हतं सांगू? तरवड. नुस्तं तरवड. श्रावन-भादव्यात लांबनं बगितलं तर कुनीतरी सूर्यफूल पेरलंय असं वाटायचं. मालक म्हनले, हे भिकार झुडूप काडा, गिऱ्हाईक आलं तर माळ कसा लखलखीत दिसला पायजे. चार दिस जेसीबी चालला. माज्या समोर. मुळ्या निघंनात, जेसीबीवाला शिव्या घालायला लागला, म्हनला ह्याच्या खाली काय पाताळ हाय का. मग प्लॉट खपले, बंगले झाले, वास्तुशांती झाल्या, आन आता त्याच बंगल्यातली मानसं माज्याकडं येतात — मामा, देशी झाड द्या, मोबाईलवर बगितलंय, देशी झाड लावायचं असतंय म्हनं. देतो की. दीडशे रुपये पिशवी. त्यातल्या एकांना शुगर हाय, ते ह्याच्याच वाळल्या फुलांची पुडी मागवून चहात टाकतात. गुन येतो का न्हाय ते त्यांच्या डॉक्टरला ठावं, पन ज्या झाडावर त्यांचा हॉल बांधलाय त्याचाच चहा पितात बगा. मी हसतोय व्हय? मी कशाला हसू. उपटायचेबी पैसे मीच घेतले आन लावायचेबी मीच घेतोय.

बियापासनं केली का म्हंता? बियापासनंच की. दुसरं कशापासनं करनार? हे बगा, बी लई कठीन कवचाचं असतंय. तसंच मातीत टाकलं तर वर्सभर पडून ऱ्हाईल, मनात आलं तर उगवंल. म्हनून काय करायचं, पाट्यावर जराशी वाळू घ्यायची आन त्यात बी घासायचं, फोडायचं न्हाय, नुस्ती वरची चकाकी घालवायची. मग उकळून जरा निवलेल्या पान्यात रातभर ठेवायचं. सकाळी जे फुगलं ते घ्यायचं, जे फुगलं न्हाय त्याला पुन्ना पान्यात टाकायचं. पिशवी उंच घ्यायची, ही आपली गुलाबाची बसकी पिशवी न्हाय चालत, मुळीला खाली जागा लागती. गेल्या वर्सी मिरगाला वीस पिशव्या भरल्या व्हत्या मी. सतरा उगवल्या. त्या तिकडं, भिंतीकडंला ठेवल्या व्हत्या — आता तितं न्हायेत. हीच की ती. तितनं हितं आनली. हे गोनपाट? ते बांधलंय, माती सांडू नये म्हनून. लाल मुरूम हाय व्हय आत? असंल की. चैत्रात काळी माती व्हती? तुमाला काय ठावं काळी माती व्हती का तांबडी? — आं. फोटू काडला व्हता तुमी. बगू. थांबा, चष्मा लावतो. व्हय, हीच ती. ह्यात जरा बारीक दिसत्यात, आता वाढलीत. पाच म्हैने झाले की. पिशव्या बदलल्या. सूनबाईनं बदलल्या.

सून हितं न्हाय. माहेरी गेलीय, करमाळ्याला. असंच, आईला बगायला. न्हाय, पित्रं चालू हायेत ते खरं हाय, पित्रांत कोन जात न्हाय माहेरी, पन आजकालच्या पोरी, त्यांना कुटलं पंचांग. पायल नाव तिचं. वैशाखात लगीन झालं आमच्या शिवराजबरोबर. चांगली हाय हो पोरगी, मी कुटं वाईट म्हंतोय. फकस्त उजनीच्या पान्याकाठची हाय. करमाळ्याच्या त्या खालच्या अंगाला सगळं केळी आन ऊस, बारा म्हैने मोटार चालू. त्या मुलकात लाड करायचा म्हंजे पानी द्यायचं — पावना आला, पानी. वासरू हंबरलं, पानी. झाड सुकलं, मग तर इचारायलाच नको. लगीन होऊन आली आन दुसऱ्या दिशी सकाळी झारी घेऊन नर्सरीत हजर. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. आमच्या शिवराजनं कदी हातात झारी धरली न्हाय, कंपनीत जातो, शिफ्ट करतो, येतो, झोपतो. ही आपली एकेका कुंडीपाशी बसून बोलायची. जास्वंद काय, मोगरा काय, नुस्ते उसळले. मी म्हनलं, नवनाथ, तुज्या मागं कोन बगनार ह्याची काळजी मिटली.

आन मग माजं डोळ्याचं ऑपरेशन झालं, श्रावनात. मोतीबिंदू. डॉक्टर म्हनले, तीन आठवडे मातीत जायचं न्हाय. घरात बसलो. बाहेर झिमझिम चालूच, आन ही त्यात रोज वरनं झारी. तरवडाची पानं जरा पिवळी पडून खाली आली तर तिला वाटलं, तहान लागली. आनखी पानी. आनखी खाली आली, आनखी पानी. त्या झाडाचं तसंच असतंय, तहानलेलं आन बुडालेलं सारकंच दिसतंय, दोन्हीची मान खाली. तीन आठवड्यांनी नर्सरीत पाय ठेवला आन बगतो तर सतरा पिशव्यांत सतरा काड्या. उपटून बगितलं, मुळी काळी पडलेली, वास मारायची. बोललो मी. बोलनारच की. चाळीस वर्सांत माज्या हातचं रोप — ते म्हनलं मगाशी. आता तसं म्हनाय येत न्हाय. पन मेली ती माज्या हातानं न्हाय, हे तर खरं हाय का न्हाय?

मग ही कुटली म्हंता?

ही — ही दुसऱ्या नर्सरीतली. कुटल्या ते कशाला पायजे तुमाला. रोप चांगलं असलं म्हंजे झालं, आंबा खायचा, कोय मोजत बसायची न्हाय. तुमाला शब्द दिला व्हता, शब्द पाळला. फोटू कुनाला दाखवला म्हंता? आईला? रोज बगायची, मोबाईलमदी? काय म्हनायची? — तंगेडु. तरवडाला तंगेडु म्हनला का आत्ता तुमी?

मग आदी सांगायचं न्हवं का. मी आपलं मगापासनं मॅडम मॅडम करतोय. पूर्व भागातल्या, तेलुगू वस्तीतल्या का तुमी? तरीच. मला वाटलं आल्या, दारात देशी झाड लावून फोटू टाकनाऱ्यातल्या. बतुकम्माला पायजेत व्हय तुमाला ही फुलं. अक्का, आमचा बाप बैलगाडी भरून तंगेडु न्यायचा तुमच्याकडं. पित्री अमावास्येच्या आदल्या दिशी. मी वर फुलात बसायचो, सात-आठ वर्सांचा. तुमच्या बोळात गाडी शिरली की बाया मागाची खटखट टाकून बाहेर, ज्या विड्या वळत असायच्या त्यांच्या हाताला तंबाखूचा वास, त्याच हातानं फुलं भरून घ्यायच्या, तेलुगूत बापाला काय काय बोलायच्या, एक तर भांडायचीच, बाप मराटीत उत्तर द्यायचा, दोघांनाबी बरोबर कळायचं. आन मग संध्याकाळी ताटात फुलांचा डोंगर रचून, तीच तुमची बतुकम्मा, तिच्या भवतीनं फेर धरायच्या, टाळ्या वाजवायच्या. मी एकदा थांबलो व्हतो बगायला, बापानं कान पिळून नेला. तुमची आईबी विड्या वळायची का? — माग व्हता घरचा. चादरीचा. बरं. आता वय काय आईचं? एक्याऐंशी. गुडगे गेलेत. जिना उतरत न्हाय, नुस्ती खिडकीत बसून ऱ्हाती. आन तुमी ती बारा झाडं खिडकीसमोर लावनार, एका रांगेत. म्हंजे नवरात्रात तिनं उठून कुटं जायला नको. काय म्हनती ती? — 'बोळ सोडला तवापासनं तंगेडु बगितलं न्हाय.' तुमी तिला सांगितलंय, आज येतंय म्हनून. सकाळपासनं खिडकीत बसलीय.

अक्का, डिकी बंद करा.

बंद करा म्हंतोय ना. न्हाय, पैसे वाढवून नकोत मला, पैशाचा विषय न्हाय. ही रोपं मी देत न्हाय. ही कुटल्याबी नर्सरीतली न्हायेत, ही माळावरची हायेत. परवा पहाटं फटफटी घेऊन गेलो, टिकाव-फावडं घेऊन, बोरामणीच्या अंगाला, आन खनून आनली. गोल खनत गेलो, हळूहळू, मातीचा गोळा धरून, म्हनलं एवढी चाळीस वर्सं झाडात काडली, एकतरी मुळी अक्खी निघंल. एक न्हाय निघाली. तुटताना आवाज येतो अक्का, बारीक, काडी मोडल्यावानी. बारा वेळा आला. मग आनली, पिशवीत घातली, गोनपाट बांधलं, वरच्या पानांवर पानी शिंपडून तजेला आनला. तुमच्या दारात आठ दिस हिरवी ऱ्हातील, कळ्या उमलतील, तुमी म्हनाल वा नवनाथमामा. आन मग ऐन बतुकम्मात एकेक करून — तुमच्या आईच्या डोळ्यासमोर, खिडकीतनं बगता बगता. तवा तुमी मला फोन केला असता, आन मी म्हनलो असतो, अक्का, तुमी पानी लई घातलं असंल. काय बोलायचं तेबी ठरवून ठेवलं व्हतं मी. गिऱ्हाइकावर ढकलायला लई सोपं झाड हाय हे.

आता सून का गेली तेबी ऐका, एवढं सांगितलं तर. पानी घातलं म्हनून बोललो त्यानं न्हाय गेली ती. ते तिनं मुकाट्यानं ऐकून घेतलं. दोन दिस जेवली न्हाय, पन ऐकून घेतलं. परवा मी ही खनलेली घेऊन आलो, तिला म्हनलं, पायल, गोनपाट धर. तिनं धरलं. एक बांधलं, दुसरं बांधलं, तिसऱ्याला तिला मुळी दिसली. म्हनली, मामा, — सासऱ्याला आमच्यात मामाच म्हंत्यात — मामा, ही जगनार न्हायेत. म्हनलं, तू तुजं काम कर. म्हनली, त्या बाईंना सांगा की, रोपं मेली म्हनून, माज्यावर घाला, सुनेनं मारली म्हनून सांगा. म्हनलं, सतरा मारलीस तवा तोंड बंद व्हतं, आता मला शिकवतीस व्हय, ऊसवाल्याची पोरगी. असं म्हनलो मी. माहेर काडलं तिचं. तर ती म्हनली — आवाज बी चढवला न्हाय तिनं — मी नकळत मारली मामा, तुमी कळून मारताय. आन गोनपाट खाली ठेवलं, आत गेली, पिशवी भरली. शिवराज शिफ्टला. शिवराजची आई मला म्हनली, आवो थांबवा तिला. मी कुंड्या मोजत बसलो. मोजलेल्याच कुंड्या, पुन्ना. आता शिवराजची आई माज्याशी बोलत न्हाय, शिवराज घरात येतो आन ताट घेऊन दुसऱ्या खोलीत जातो. तुमी भांडला, तुमीच आना म्हंत्यात. मी कशाला जाऊ? सासऱ्यानं सुनेच्या दारात जाऊन काय म्हनायचं असतंय, तुमीच सांगा. तसली कुटली रीत हाय का? न्हाय ना. मग.

तरवडाचं बी घेऊन जा अक्का. हे घ्या, कागदात बांधून देतो, गेल्या सालचं हाय, कसं लावायचं ते सांगितलंच. दुसऱ्या वर्सी फूल येतंय. काय? — व्हय, दोन वर्सं. एक्याऐंशी आन दोन, त्र्याऐंशी. जगल की आई, का जगनार न्हाय, जुनी हाडं हायेत. तसं न्हाय म्हंता.

एक द्या? ह्यातलं? मी एवढं कंठशोष करून सांगतोय, हे मेलेलं झाड हाय, नुस्तं त्याला अजून कळलं न्हाय — तरीबी पायजे? आठ-नऊ दिस तर आठ-नऊ दिस, बतुकम्मा नऊ दिसांचीच असती, नंतर तीबी पान्यात सोडायचीच असती. हं. हे मला सुचलं नव्हतं. आईला सांगनार काय? खरं सांगनार. ती म्हनंल, माजंबी तसंच हाय. अशी बोलती व्हय ती? मग माज्या बापाशी भांडनारी तीच असनार.

न्या मग हे. ह्याची मुळी त्यातल्या त्यात लांब आलीय. पैसे नकोत, पैसे काडलात तर देनार न्हाय. पन नऊ दिस तगवायचं कसं ते मला इचारू नका. पानी न घालता जगवायचं कसं ते मी सांगतो, झोपेत उठवलं तरी सांगतो. जे जायचंच हाय त्याला पानी घालून चार दिस ताजं ठेवायचं, ती इद्या माज्याकडं न्हाय. ती पायलकडं हाय. केळीचे घड कापून दहा-दहा दिस टवटवीत ठेवनारी मानसं ती, ओलं फडकं कुटं गुंडाळायचं, पाला किती काडायचा, तिला बरोबर ठावं असनार. फोन लावा तिला. माज्या फोनवरनं न्हाय, तुमच्या. नंबर सांगतो, लिवून घ्या — पाठ हाय मला. दोन दिसांत पाठ झालाय, काडून बगतो आन ठेवतो. हे बगा, मी हितं बसलोय म्हनून सांगायचं न्हाय. माजं नावच घ्यायचं न्हाय. म्हनायचं, सोलापूरची एक बाई बोलतीय, नंबर मिळाला कुनाकडनं तरी, झाडातलं तुमाला कळतंय म्हनून सांगितलं. एका नर्सरीवाल्यानं खनून आनलेलं तरवड दिलंय, ते नऊ दिस टिकवायचं हाय, काय करू. एवढंच.

लागला? वाजतोय. उचलंल, दुपारी मोकळी असती ती.

उचलला का? बोला, बोला की, माज्याकडं बगू नका. — काय म्हनती? आवाज कसा हाय? बरी हाय ना? असूं दे, ते नका इचारू, झाडाचं इचारा. — हं. काय म्हनली? कुनी दिलं म्हनून इचारती? नाव सांगू नका. — मग? — असलं रोप घेऊ नका म्हनली. बरोबर हाय. मी तेच सांगितलं असतं. आन काय म्हनती? मोठ्यानं सांगा, तिकडनं ट्रक गेला. — दुसरीकडं जावा म्हनली. कुटं जावा?

होटगी रोडला.

आमच्या मामांकडं जावा, नवनाथमामा म्हनून कुनालाबी इचारा — आन? काय म्हनली पुढं? सांगा की अक्का. — 'ते माळावरनं खनलेलं रोप कदी देत न्हायत.'

असं म्हनली? असंच म्हनली, कदी देत न्हायत? तुमी न इचारता?

गोनपाट तिच्या हातात व्हतं अक्का. तिनं डोळ्यानं बगितलंय.

ठेवा फोन. न्हाय, मला नका देऊ, ठेवा तो.

ते रोप उतरवा गाडीतनं. व्हय, दिलं व्हतं, आता देत न्हाय. आमच्या नर्सरीत खनलेलं रोप मिळत न्हाय. — आईला फुलं मिळतील. अमावास्येपासनं रोज परडीभर, माळावरची, दव असतानाच तोडून, नऊचे नऊ दिस. मी आन पायल घेऊन येऊ. पत्ता त्या पाटीच्या मागं खडूनं लिवून ठेवा, कुटला मजला, कुटली खिडकी, सगळं लिवा. बी ईसरू नका. आन उटा आता, मला गेटला कुलूप लावायचंय. दोनची करमाळ्याची एष्टी गाठायचीय.